घर एकाचं, जागा दुसऱ्याची, फणस तिसऱ्याचा

इंडोनेशियातल्या मध्य जावाच्या खेड्यात जुनं सागवानी घर विकायला निघालं, की गिऱ्हाईक जागेची चौकशी करेलच असं नाही. जोग्लो पद्धतीचं हे घर लाकडात लाकूड बसवून उभं केलेलं असतं. खांब, तुळया, कौलं सुटी करायची, ट्रकमध्ये भरायची आणि दुसऱ्या गावी नेऊन पुन्हा उभी करायची. घर गेलं तरी जागा मूळ मालकाचीच राहते. योग्याकार्ता आणि बालीतल्या कितीतरी हॉटेलांचे दिवाणखाने असेच कुठल्या ना कुठल्या खेड्यातून उचलून आणलेले आहेत.

डच राजवटीचा दिवाणी कायदा म्हणायचा, जमीन ज्याची त्याचंच तिच्यावर उभं असलेलं सगळं. जावाच्या रूढीला हे कधी पटलं नाही. तिच्या हिशेबी जमीन वेगळी, घर वेगळं, झाडही वेगळं. स्वतंत्र इंडोनेशियाने 1960 साली जमिनीचा मूळ कायदा केला, तेव्हा त्याने रूढीचीच बाजू घेतली. त्यामुळे आजही एखादं कुटुंब दुसऱ्याच्या परसात स्वतःचं घर बांधून पिढी काढतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

म्हणूनच जावाच्या खेड्यात ‘हे शेत कुणाचं?’ एवढं विचारून भागत नाही. कसतो कोण, गहाण कुणाकडे आहे, लावणी कुणी केली, कापणीला यायचा हक्क कुणाचा, हे सगळं विचारावं लागतं. कागदावरच्या नावाची पाळी त्यानंतर. गेली पासष्टेक वर्षं सरकार ही सगळी उत्तरं एका कागदावरच्या एका नावात बसवू पाहतंय. त्यात मालकांचं बरंचसं भलंच झालं. पण गावातले कितीतरी हक्क कागदावर कधी नव्हतेच. त्यांचं काय झालं, हे बघितल्याशिवाय तिथल्या भूमिहीनाची गोष्ट कळत नाही.

सव्वा एकराच्या आतला संसार

आधी जमिनीचा आकार बघू. जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि 2020 च्या जनगणनेत तिथे 15 कोटींहून जास्त माणसं होती. इंडोनेशियाच्या 2013 च्या कृषिगणनेत जमीन कसणाऱ्या कुटुंबांपैकी 55 टक्क्यांकडे अर्धा हेक्टरही, म्हणजे सव्वा एकरही, नव्हता. ही कुटुंबं तेव्हा 1 कोटी 42 लाखांच्या वर होती. 2023 च्या गणनेत ती 1 कोटी 69 लाखांच्या आसपास गेली. त्यातली बहुतेक जावातली. ज्यांच्याकडे काहीच जमीन नाही, ते या आकड्यात धरलेले नाहीत.

गावाची जमीन साधारण तीन प्रकारची. ‘सावाह’ म्हणजे बांध घातलेलं, पाणी धरणारं भातखाचर, सगळ्यात मोलाचं. ‘तगाल’ म्हणजे कोरडवाहू, मका-भुईमूग-कसाव्याची. तिसरी ‘पकारांगान’, म्हणजे घराभोवतीचं परसू, आणि माझ्या मते गरिबाच्या दृष्टीने सगळ्यात कामाची जमीन हीच. वर नारळ, त्याखाली फणस आणि केळी, त्याखाली पपई, मिरची, आलं-हळद, कुंपणाला बांबू, कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं किंवा शेळ्यांचा गोठा, जमल्यास माशांचं छोटं तळं. भात वर्षातून दोनदा-तीनदा येतं, पण परसू रोज काहीतरी देतं. घरात तेल-साबणाला पैसे नसले की केळीचा एक घड बाजारात जातो. सावाह गमावलेलं कुटुंब तग धरतं ते याच्या बळावर. परसूही गेलं, की मग दुसऱ्याच्या परसात आश्रयाला जावं लागतं.

पूर्वी गावातली पत यावरूनच ठरायची. सावाह, परसू आणि घर तिन्ही असलेला तो पुरा गावकरी. घर-परसू असलेला अर्धा. आणि दुसऱ्याच्या जागेत राहणारा सगळ्यात खाली. ही उतरंड निव्वळ मानाची नव्हती. पुऱ्या गावकऱ्याला गावची आणि सरकारची वेठ करावी लागे: रस्ते, पाट, रात्रीचा पहारा. जमीन आणि वेठ एकाच गाठीला बांधलेली होती.

ही गाठ डचांनी आणखी आवळली. 1830 साली गव्हर्नर जनरल योहानेस व्हान डेन बॉश याने सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला, म्हणजे ऊस, नीळ अशा पिकांना द्यायचा, हा कागदावरचा नियम. प्रत्यक्षात मागणी कितीतरी पुढे जाई. उसाला ओलिताची जमीन लागते, म्हणून तो भातखाचरातच आला. आजचं तुमचं खाचर उद्या उसाखाली. मग बऱ्याच गावांनी काय केलं? जमीन सामाईक करून टाकली आणि वेठ उचलू शकतील अशा जास्तीत जास्त घरांत ती फिरवून वाटली. ओझं वाटायचं म्हणून जमीनही वाटली गेली. जावातल्या गावांचा एकोपा ही परंपरागत गोष्ट असल्याचं पर्यटन पुस्तिकांत वाचायला मिळतं. त्यातला निदान थोडा भाग तरी साखरेच्या हिशेबातून आलेला आहे.

गावच्या कारभाऱ्यांचा पगारही जमिनीतच असे. लुराह म्हणजे गावप्रमुख, चारिक म्हणजे चिटणीस, मोदिन म्हणजे धार्मिक विधी बघणारा, उलु-उलु म्हणजे पाटकरी. या प्रत्येकाला पदावर असेपर्यंत कसायला सावाह मिळे. तिला ‘बेंगकोक’ म्हणतात. मराठी माणसाला इथे वतन आठवेल, पण एक मोठा फरक आहे: बेंगकोक बापाकडून मुलाकडे जात नाही. पद सुटलं की जमीन सुटली. त्यामुळे लुराहची निवडणूक म्हणजे कित्येक ठिकाणी गावातल्या सगळ्यात चांगल्या खाचरांचीही निवडणूक असते. 2014 च्या ग्रामकायद्याने कारभाऱ्यांना रोख मानधन ठरवून दिलं आणि बेंगकोक गावाची मालमत्ता धरली. पुढच्याच वर्षी नियमात दुरुस्ती करून तिचं उत्पन्न कारभाऱ्यांना जोडभत्ता म्हणून घेऊ दिलं. आणि 2024 च्या दुरुस्तीने गावप्रमुखाची मुदत 6 वर्षांवरून 8 वर्षं झाली.

1960 चं वचन

24 सप्टेंबर 1960 ला मूळ जमीन कायदा आला. ती तारीख तिथे अजून शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याच्या आगेमागे आलेले नियम वाचले तर आजही थक्क व्हायला होतं. खाचराची कमाल मर्यादा वस्तीच्या दाटीप्रमाणे 5 ते 15 हेक्टर. प्रत्येक शेतकरी कुटुंबाला किमान 2 हेक्टर मिळवून देण्याचं उद्दिष्ट. वाट्याने जमीन देताना लेखी करार, गावप्रमुखासमोर, खाचरासाठी किमान 3 वर्षं आणि कोरडवाहूसाठी 5 वर्षं. तालुक्याबाहेर राहणाऱ्याने शेतजमीन बाळगायची नाही. पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. हा शेवटचा नियम मात्र आजही कडक आहे.

जमीनदारांनी वाटप लांबवलं. 1963 नंतर कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेने जास्तीच्या जमिनी स्वतःच ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि पूर्व आणि मध्य जावाच्या गावागावांत हाणामाऱ्या झाल्या. मग 1965-66 चं कम्युनिस्टविरोधी हत्याकांड झालं. किमान 5 लाख माणसं मारली गेली, त्यात जमीन मागणारे गरीब शेतकरी आणि कुळं मोठ्या संख्येने होती. कायदा रद्द कुणी केला नाही. फक्त राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच्या राजवटीच्या पुढच्या तीन दशकांत जमीनवाटपाचं नाव काढणाऱ्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसायचा, आणि तो बसला की मुलाबाळांच्या नोकऱ्याही जायच्या. वाट्याच्या लेखी कराराचा नियम आजही जिवंत आहे आणि बहुतेक गावांत तो कुणी पाळत नाही. करार अंगणात बसून तोंडीच होतात. बियाणं-खत कुणाचं यावरून अर्धा वाटा की तिसरा, हे ठरतं.

कापणीचा हक्क

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कुठल्याच कायद्यात नव्हती.

‘आनी-आनी’ नावाचं एक हत्यार आहे. तळहातात मावेल एवढा लाकडाचा तुकडा, त्यात बसवलेलं बोटभर पातं, आणि आडवी बांबूची काडी. बाई ते मुठीत धरते, पातं बोटांच्या मधून बाहेर येतं, आणि एकेक लोंबी खुडल्यासारखी कापली जाते. पातं मुठीत लपलेलं असतं ते भाताची देवी देवी श्री हिला भीती वाटू नये म्हणून, असं सांगतात. (हो, आपलीच श्री. जावा मुसलमान होऊन शतकं लोटली तरी ती खाचरातून हलली नाही.) पण या हत्याराला व्यवहारही होता. जुन्या जातींचं भात उंच वाढे आणि सगळ्या लोंब्या एकदम पिकत नसत, तेव्हा एकेक निवडूनच कापावी लागे.

या कापणीला माणसं पुष्कळ लागत, आणि ती आपणहून येत. शेताच्या मालकाने कुणाला नाही म्हणायचं नाही, हा रिवाज. कापलेल्या भाताचा ठरावीक हिस्सा कापणारीचा: कुठे सहावा, कुठे आठवा, कुठे दहावा. याला ‘बावोन’ म्हणतात. जवळच्या नात्यातली असेल तर हिस्सा मोठा, लांबच्या गावाहून आलेली असेल तर लहान. म्हणजे जिच्या घरात एक गुंठाही जमीन नाही, तिचाही गावाच्या पिकावर हक्क होता. भीक नव्हती ती, मजुरीही नव्हती. मालमत्ताच म्हणायला हवी, फक्त तिला कागद नव्हता.

1970 च्या दशकात हरितक्रांती आली. सरकारने कर्ज, खत आणि कीटकनाशकं यांच्यासकट नव्या बुटक्या जाती गावात उतरवल्या. उत्पादन खरोखर वाढलं. एके काळी जगातून सर्वाधिक तांदूळ आयात करणाऱ्या देशांत मोडणारा इंडोनेशिया 1984 साली तांदळात स्वयंपूर्ण झाला. मधल्या काळात तुडतुड्यांनी हजारो हेक्टर भात फस्त केलं, आणि 1986 मध्ये सरकारला भातावरची 57 कीटकनाशकं बंद करावी लागली. पण आपला विषय कापणीचा. नवं भात बुटकं, एकदम पिकणारं, दाणा पटकन झडणारं. त्याला विळाच बरा. विळ्याला माणसं कमी लागतात.

त्याच सुमारास ‘तबासान’ पसरली. कापणीच्या आधी व्यापारी येतो, उभं पीक नजरेने जोखतो, उक्ता भाव सांगतो, पैसे मोजतो. कापणीची टोळी त्याची, विळेही त्याचे. मालकाचा यात दुहेरी फायदा. खर्च वाचतोच, वर शेजारणीला तोंडावर नाही म्हणायची पाळी येत नाही. ‘पीक विकलंय, माझ्या हातात काही नाही,’ एवढं म्हटलं की संपलं. व्यापारी परगावचा, त्याला गावाची लाज कशाला? हिंसा नाही, कायदा नाही, भांडणसुद्धा नाही, आणि हजारो बायकांचा पिकावरचा हक्क दहा-पंधरा वर्षांत आटला. जवळपास त्याच काळात तांदूळ सडायच्या छोट्या गिरण्या आल्या आणि उखळ-मुसळावर पोट भरणाऱ्या बायकांचं कामही गेलं. आता सपाट भागात कापणी-मळणीची यंत्रं फिरतात.

काही ठिकाणी जुना हक्क वेगळ्या रूपात टिकला. लावणी आणि बेणणी फुकट करायची, त्या बदल्यात त्याच तुकड्याची कापणी आणि तिचा हिस्सा आपल्याला. ऐकायला ठीक वाटतं. पण पूर्वी निव्वळ कापणीला मिळायचं तेवढ्यासाठीच आता लावणी आणि बेणणीही करावी लागते.

वहीतली मालमत्ता

गावातली सगळी मालमत्ता शेतात नसते. लग्न, बारसं, सुंता अशा कार्याला आहेर न्यावा लागतो, आणि त्याची वही ठेवलेली असते: अमक्याने इतके किलो तांदूळ, तमक्याने इतकी साखर, इतकी रोख. त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढंच परत करायचं, शक्य तर थोडं चढवून. जावाच्या पंचांगात सुरो महिना लग्नाला वर्ज्य, काही महिने खास शुभ, त्यामुळे आहेर एकदम गठ्ठ्याने येऊन पडतात. अशा महिन्यात मजुराच्या घरचा आहेराचा खर्च जेवणखाणाच्या खर्चाला मागे टाकू शकतो, आणि मग उसनवारी. तरीही टाळायची सोय नाही, कारण आपल्या घरच्या कार्याचं भांडवल त्याच वह्यांत अडकलेलं असतं.

दुसरी गोष्ट चिमूटभर तांदळाची. काही डझन घरांचा मिळून एक शेजारगट असतो, ‘एरटी’. जपानी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात नजर ठेवायला ही रचना आणली आणि लोकांनी ती आपलीशी केली. कित्येक गावांत घरासमोर एक डबी टांगलेली असते. रोज रात्री घरातलं कुणीतरी त्यात मूठभर तांदूळ टाकतं, हल्ली बहुधा नाणं, आणि पहाऱ्याला निघालेले लोक बॅटरीच्या उजेडात ते गोळा करत जातात. डबी रिकामी असली तर तेही लगेच कळतं, आणि घरात कुणी आजारी आहे का याची चौकशी होते. या पैशातून गटाच्या खुर्च्या, सतरंज्या, ताटं-पेले येतात. कुणाच्याही घरचं कार्य असो वा मयत, ती त्याची.

वारस आणि कागद

बाप गेल्यावर जमिनीचं काय होतं? कायद्याच्या पुस्तकात मुसलमान कुटुंबासाठी उत्तर सोपं आहे: मुलाला दोन वाटे, मुलीला एक. 1991 च्या इस्लामी कायदासंग्रहातच मात्र एक दार उघडं ठेवलंय. आपापला वाटा कळल्यावर वारस आपसांत वेगळं ठरवू शकतात. जावातली अनेक कुटुंबं त्या दारातूनच जातात. मुलगा-मुलगी समान वाटणी सर्रास होते. बरेच आईबाप हयातीतच तुकडे लावून देतात, आणि आईबापांना सांभाळणाऱ्या मुलाला, पुष्कळदा धाकट्याला, घर जातं. नवरा-बायकोने लग्नानंतर मिळवलेलं दोघांचं सामाईक. काडीमोड झाला तर निम्मं निम्मं. माहेरून आलेली जमीन तिचीच राहते. जावाच्या बाईची घरातली ताकद मला तरी या नियमात दिसते.

समान वाटणीचा दुसरा अर्थ असा, की सव्वा एकराचे चार तुकडे पडतात. 2 हेक्टरपेक्षा लहान तुकडे पाडू नयेत असा 1960 चा नियम आहे, पण वारसाहक्क त्याला अपवाद. म्हणजे तुकडे ज्या वाटेने पडतात तीच वाट मोकळी.

या वाटण्या पुष्कळदा कागदावर येतच नाहीत. गावच्या कचेरीत ‘लेटर सी’ नावाची जाडजूड वही असते, आणि मालकाकडे तिच्यावरून दिलेला ‘गिरिक’. दोन्ही मुळात करवसुलीची. आपला सातबारा जसा महसुली नोंद आहे पण लोक त्यालाच मालकी समजतात, तसंच तिथे. वहीत आजोबांचं नाव, कसणारा नातू, आणि मधल्या वाटण्या गावाच्या आठवणीत.

2017 पासून सरकारने सगळ्या जमिनींची सरसकट मोजणी करून प्रमाणपत्रं द्यायची मोहीम जोरात हाती घेतली. जावा-बालीत गावकऱ्याकडून तयारीच्या खर्चापोटी जास्तीत जास्त दीड लाख रुपिया, म्हणजे आपले 800-900 रुपये घ्यायचे, असं ठरलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो प्रमाणपत्रं वाटायला स्वतः गावोगाव फिरत. 2021 च्या नियमाने आणखी एक पाऊल टाकलं: गिरिक आणि लेटर सी यांची 5 वर्षांत नोंदणी करून घ्यायची, 2 फेब्रुवारी 2026 नंतर ते मालकीचा पुरावा नाहीत, फक्त जमीन शोधायची खूण. कामाची गोष्ट आहे यात वाद नाही. प्रमाणपत्र तारण ठेवून बँकेचं स्वस्त कर्ज मिळतं, बांधावरची भांडणं मिटतात. पण नोंदणीला सगळ्या वारसांची संमती लागते, आणि एक भाऊ सुमात्रात, एक बहीण तैवानमध्ये, आणि एक रुसलेला असेल तर फाइल तिथेच अडते.

कागद पक्का झाला की जमीन विकणंही सोपं होतं. फेब्रुवारी 2021 मध्ये पूर्व जावातल्या तुबान जिल्ह्यातलं सुमुरगेनेंग हे गाव जगभर गाजलं, कारण तेलशुद्धीकरण प्रकल्पाला जमिनी विकलेल्या गावकऱ्यांच्या नव्या मोटारी ट्रकांवर चढून गावात येतानाचा व्हिडिओ पसरला. वर्षभरात त्याच गावातले लोक प्रकल्पात नोकऱ्या मागायला निदर्शनं करत होते. तिथल्या भूसंपादन कायद्यात भरपाई ठरवताना जमीन, घर आणि झाडं यांचं मोल वेगवेगळं धरतात. नारळाला भाव आहे, पण दुसऱ्याच्या शेतात कापणीला येणाऱ्या बाईच्या हक्काला रकाना नाही.

भूमिहीन घरांच्या हातात हल्ली जमीन येते ती बहुधा दुसऱ्याच रस्त्याने. पोनोरोगो, ब्लितार, चिलाचाप, इंद्रामायु अशा जिल्ह्यांतून बायका हाँगकाँग, तैवान, मलेशियाला घरकामाला जातात. त्यांच्या पैशातून आधी पक्कं घर होतं, मग सावाह, पण विकत क्वचितच. भाव आवाक्याबाहेर असतो. ती गहाण घेतली जाते. अडलेला मालक रक्कम घेतो, आणि रक्कम परत करेपर्यंत शेत पैसे देणारीच्या ताब्यात: कसा, वाट्याने द्या, पीक तुमचं. 1960 चा नियम सांगतो, की 7 वर्षं गहाण राहिलेली शेतजमीन मालकाला एक पैसाही न घेता परत द्यायची, कारण तेवढ्या पिकांत मुद्दल केव्हाच फिटलेलं असतं. नियम सावकारांना आवरायला केला होता. आज गहाण धरणारी कधी कधी गावातलीच मोलकरीण असते, मालक तिच्यापेक्षा चार खाचरं वरचढ. तो या नियमावर बोट ठेवायला जात नाही. एकदा तसं केलं तर पुढच्या अडचणीला गावात पैसे देणारं कुणी उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.